बियाण्यांच्या गावात बिनबियांची बाग

जालन्याचं नाव निघालं की दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्याच्या पाकिटावर जालन्याचा पत्ता दिसणं ही शेतकऱ्याला सवयीची बाब झाली. अशा गावातल्या गच्च्यांवर आता एक वेगळीच जमात मुक्कामाला आली आहे. तिला बी लागत नाही. पाणी जास्त झालं तर ती रुसते, कमी झालं तर खुशीत असते. आणि एकीच्या दहा व्हायला दमडीही खर्च येत नाही. ही जमात म्हणजे सक्युलंट, जाड, गरगरीत, रसाळ पानांची झाडं. नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब जिथं दिवसांत मांडतात, तिथं हिच्याएवढा समजूतदार पाहुणा दुसरा नाही.

तर घरच्या बागेला नवं रूप द्यायचं असेल तर आधी या मंडळींचे किस्से ऐका. काही जगावेगळे आहेत, काही अगदी बांधावरचे.

पाहुणे कसले, घरचेच!

सक्युलंट म्हटलं की डोळ्यांपुढे ऑनलाइन मागवलेल्या चिमुकल्या पांढऱ्या कुंड्या येतात. पण मराठवाड्यातलं घर या झाडांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतं. नजर लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड आठवा. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन्‌महिने हिरवी. पानात साठवलेल्या पाण्यावर ती दिवस काढते. मुका मार लागला की आजी उगाळून लावायची तो काळाबोळ म्हणजे याच कुळातल्या झाडांचा वाळवलेला रस.

बांधावरचं घायपात त्याहून अजब. वर्षानुवर्षं नुसती टोकदार पानं मिरवतं आणि आयुष्यात एकदाच फुलतं. दांडा दोन-तीन पुरुष उंच जातो, त्याच्यावर फुलं येतात, मग त्याच दांड्यावर मुळं फुटायच्या बेतात असलेली छोटी छोटी तयार रोपं लगडतात. मूळ झाड वाळून पडतं, तोवर पोरं बांधभर पसरलेली असतात.

कुंपणाच्या शेराची तर थेट नोबेलवाल्याशी ओळख. मेल्विन कॅल्विन यांना प्रकाशसंश्लेषणावरच्या कामासाठी १९६१ साली नोबेल मिळालं. पुढं सत्तरच्या दशकात तेलटंचाई आली तेव्हा त्यांनी शेर आणि त्याच्या भाऊबंदांच्या चिकापासून इंधन काढता येईल का, याचा ध्यास घेतला. पेट्रोलपंपावर शेर काही आला नाही. चीक मात्र जपून हाताळा. डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा.

सकाळी आंबट, दुपारी सपक

या सगळ्या झाडांचं खरं गुपित रात्री उलगडतं, आणि त्याची एक जुनी नोंद झाली ती आपल्याच देशात, पानफुटीचं पान चावून.

बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतीतज्ज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात होता. त्याच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी चांगलंच आंबट लागतं, दुपारी त्याला काही चवच नसते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं. १८१३ साली त्यानं हे पत्रातून लंडनला कळवलं, १८१५ साली ते छापून आलं. एवढ्याशा चवीच्या फरकामागे काय चाललंय, हे नीट कळायला शास्त्रज्ञांना पुढं शंभरावर वर्षं लागली.

भानगड अशी. झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा असतो, त्यासाठी पानावरची रंध्रं उघडावी लागतात, आणि रंध्रं उघडली की पाणी उडतं. जालन्यातल्या मे महिन्यात भरदुपारी रंध्रं उघडणं म्हणजे वाळणंच. म्हणून ही झाडं दिवसा दारं लावून बसतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्रभर गोळा केलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवायचा आणि दिवसा, दारं बंद ठेवून, उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करायचं. पहाटेपर्यंत आम्ल साठलेलं असतं म्हणून पान आंबट. दिवसभरात ते खर्च होतं म्हणून सपक. या रीतीला शास्त्रात कॅम म्हणतात, आणि कोरफड, निवडुंग, अननस, ड्रॅगनफ्रूट हे सगळे याच पठडीतले.

यातून बागेच्या कामाची एक गोष्ट कळते. रात्रसुद्धा तापलेली राहिली तर या झाडांचा व्यवहार मंदावतो. म्हणून मे महिन्यात ती वाढत नाहीत. मेली की काय म्हणून त्यांना बादलीनं पाणी पाजू नका, झोपली आहेत.

हाइनचा प्रयोग स्वयंपाकघरात करायचा असेल तर पानफुटी चावत बसू नका. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जास्त खाल्ली तर गुरांनासुद्धा विषबाधा होते. मुतखड्यावर तिचं पान खायचा सल्ला गावोगाव मिळतो, त्यापेक्षा डॉक्टर गाठलेला बरा. प्रयोगाला घोळ घ्या. कपाशीत खुरपायला गेलेल्या बायका ओच्यात भरून आणतात ती लालसर देठाची, गुबगुबीत पानांची घोळ. मुगाच्या डाळीत शिजवलेली, वरून लसणाची फोडणी. सकाळी खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा जास्त आंबट लागते. खुडायची वेळ बदलून बघा, जिभेला फरक कळेल.

आणि ही रानभाजी साधीसुधी समजू नका. मका-उसासारखी झपाझप वाढणारी झाडं एका रीतीनं अन्न करतात, निवडुंगासारखी काटकसरी झाडं दुसऱ्या. घोळीला दोन्ही जमतं. २०२२ साली येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या दोन्ही रीती तिच्या पानात त्याच पेशींमध्ये चालतात. ज्या तणाला शेतकरी खुरपून बांधावर फेकतो, ते वनस्पतीशास्त्रातलं आश्चर्य आहे. फेकल्यावर पाऊस आला तर पुन्हा रुजतं, हे शेतकऱ्याला आधीच माहीत आहे.

घोळीची नटवी बहीण म्हणजे चिनी गुलाब, ऊर्फ ऑफिस टाइम. ऊन चढलं की उमलतं, दुपार कलली की मिटतं. उमललेल्या फुलातल्या पिवळ्या पुंकेसरांना झाडूच्या काडीनं हलकेच स्पर्श करा. क्षणभर थांबून ते सावकाश हलतात. माशी-मधमाशीच्या अंगाला पराग फासायची ही युक्ती. शाळेला सुट्टी असलेल्या पोरांना तासभर गुंतवायला एक कुंडी पुरते.

रात्रीचा ऑक्सिजन नावाची लोणकढी

नर्सरीतल्या पाटीवर असतं, ‘स्नेक प्लांट, रात्री ऑक्सिजन देते, बेडरूममध्ये ठेवा.’ वरची रीत समजली असेल तर थाप लगेच ओळखता येते. ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, एवढं खरं. ऑक्सिजन मात्र उन्हाच्या कामातून निघतो, म्हणजे दिवसाच.

‘नासानं प्रमाणित केलेलं’ ही दुसरी थाप. नासाचा अभ्यास १९८९ सालचा आणि तो बंद पेटीतला. घरात खिडक्या-दारं असतात. २०१९ साली दोन संशोधकांनी अशा सगळ्या अभ्यासांचा हिशेब मांडला, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि काही बाबतीत हजार झाडं लागतील असं निघालं. मग झोपायचं कुठं? स्नेक प्लांट सुंदर आहे, मरत नाही, अंधारात टिकतं. ठेवायला एवढं कारण पुरेसं आहे.

चीक निघाला तर निवडुंग खोटा

काटे दिसले की आपण सरसकट निवडुंग म्हणतो. शास्त्रज्ञ म्हणतील, थांबा. खरे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. त्यांचा एकच फांदीवर लोंबणारा प्रकार आफ्रिका आणि श्रीलंकेत आपसूक पोचलेला सापडतो. आपल्या माळावरचा त्रिधारी निवडुंग मात्र शेराच्या कुळातला. ओळखायची सोपी खूण म्हणजे टाचणी. टोचल्यावर पांढरा चीक निघाला तर शेराचा भाऊ, पाणचट रस निघाला तर बहुधा कॅक्टस. दोघांनी हजारो मैलांवर, एकमेकांचं तोंडही न पाहता, दुष्काळावर तोच तोडगा काढला. पानं टाकायची, खोड फुगवायचं, अंगावर काटे घ्यायचे.

फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आणि परदेशी. त्याची कथा मसालेदार आहे. कोचिनील नावाच्या किड्यापासून उंची लाल रंग निघतो आणि तो किडा फड्यावरच जगतो. या रंगाच्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ती मोडायला ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी १७९५ साली ब्राझीलमधून किडे बंगालमध्ये आणले. आणले ते नेमके चुकीच्या जातीचे! रंग निघाला सुमार, किड्यांनी फड्याचा मात्र फडशा पाडला. धंदा बुडाला, पण किडा सोडून तण मारता येतं ही अक्कल जगाला आली. पुढं दक्षिण भारतात फड्याच्या दुसऱ्या जातीनं हजारो हेक्टर जमीन गिळली, तेव्हा १९२६ साली श्रीलंकेतून दुसरा कोचिनील आणला आणि पाच-सहा वर्षांत रान मोकळं झालं.

याच कोचिनीलचा चुलतभाऊ तुमच्या गच्चीवर येणार आहे, तयार राहा. कपाशीवाल्यांना तो पिठ्या ढेकूण म्हणून माहीत आहे. पानांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले की कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपा, कुंडी बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि आठवड्यानं परत बघा.

पान तोडा, बाग काढा

आता मुख्य करामत. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पानफुटीचं उदाहरण वाचलेलं असतं. पानाच्या कडेला खाचा, खाचेत कळ्या, कळीतून रोप. जर्मन महाकवी गटे या पानावर इतका लुब्ध होता की त्यानं पानं पाकिटात घालून मैत्रिणीला पाठवली. मूळची मादागास्करची ही वनस्पती जर्मनीत आजही त्याच्या नावानं ओळखली जाते.

पानफुटी कडेनं फुटते, बाकीची बहुतेक सक्युलंट बुडातून. सुरुवातीला घोस्ट प्लांट घ्या. राखाडी-जांभळी, गुलाबाच्या फुलासारखी मांडणी असलेली ही वनस्पती कुठल्याही नर्सरीत मिळते आणि मरायला तयारच नसते. (शास्त्रीय नावात पॅराग्वे असलं तरी ती मेक्सिकोची. नाव ठेवणाऱ्याची गफलत, कायमची चिकटली.)

खालचं एखादं टपोरं पान चिमटीत धरा. वर ओढू नका. डावीकडे, मग उजवीकडे, हळूच हलवा. टक् असा बारीक आवाज येतो आणि पान बुडासकट सुटतं. आता बूड बघा. स्वच्छ, किंचित खोलगट, फिकट अर्धचंद्र दिसला तर पास. बूड खोडालाच राहून पान मधेच तुटलं असेल तर नापास, कारण नवं रोप ज्या पेशींतून निघतं त्या बुडातच असतात. पास झालेली पानं सावलीत वर्तमानपत्रावर तीन-चार दिवस नुसती ठेवा. जखम सुकून खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत गेली की पान कुजतं. मग कोरड्या मातीवर आडवी मांडा, पुरू नका. दोन-चार आठवड्यांत बुडातून गुलाबी दोऱ्यासारखी मुळं निघतात आणि पाठोपाठ मोहरीएवढं रोप. मुळं दिसल्यावर फवाऱ्यानं माती ओलसर करायला लागा. जुनं पान आकसून कागदासारखं होईपर्यंत काढायची घाई करू नका. पोर अजून त्याच्यावरच पोसलं जातंय.

सगळीच पानं मात्र अशी दानशूर नसतात. जेड, हावर्थिया, इचेव्हेरिया पानातून येतात. कोरफडीचं पान कितीही प्रेमानं लावा, कुजणार. तिची पिल्लं मुळासकट काढूनच लावावी लागतात. अडेनियमची फांदी रुजते, पण तिला बियांच्या रोपासारखं गलेलठ्ठ बूड सहसा येत नाही, आणि त्या बुडासाठीच तर लोक अडेनियम घेतात. म्हणजे बियाण्यांच्या गावाला इथं थोडा दिलासा.

गंमत स्नेक प्लांटची. पिवळी किनार असलेल्या जातीचं पान कापून लावलं तर मुळं फुटतात, नवी रोपंही येतात, पण किनार गायब! साधी हिरवी पोरं. पिवळी आणि हिरवी अशा दोन वेगळ्या पेशींचे थर त्या झाडात एकत्र नांदत असतात आणि कापलेल्या पानातून येणारा कोंब दोन्हींना सोबत आणत नाही. किनार हवी असेल तर कंदाचाच तुकडा वेगळा करायचा. पानावरून आणलेलं हिरवं रोप कोणी पिवळ्या किनारीचं म्हणून विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

काळी माती कपाशीला, मुरूम यांना

काळ्या मातीचा अभिमान बाळगा, पण कुंडीत घालू नका. ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते. कपाशीला वरदान, सक्युलंटच्या मुळांना फास. तलावातून काढलेला गाळ शेतात टाकला तर पीक तरारतं. तोच गाळ कुंडीत भरला तर इचेव्हेरिया आठवड्यात आडवी होते.

यांना हवा तो आपला मुरूम, जो जालन्यात विकत घ्यायचीही गरज पडू नये. चाळून बारीक माती काढून टाका, तुरीच्या दाण्याएवढे खडे ठेवा. दोन भाग मुरूम, एक भाग धुतलेली वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा आणि मूठ उघडा. लाडू झाला तर मुरूम वाढवा, विस्कटलं तर जमलं. कुंडी कसलीही चालेल. फुटका माठ, तेलाचा डबा, चहाचा कप. तळाला भोक मात्र हवंच. सळयांच्या गावात डब्याला भोक पाडायला खिळा मिळणार नाही, ही सबब कोण ऐकणार?

पाणी कधी घालायचं, तर झाडूची काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. कोरडी निघाली तर घाला, माती चिकटून आली तर राहू द्या. मोबाइलमधला अलार्म लावून पाणी घालणारे सगळ्यात जास्त झाडं मारतात.

उन्हाचंही बघा. युरोपातल्या शार्लमेन राजानं बाराशे वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं की आपल्या जमिनींवरच्या माळ्यानं घराच्या छपरावर सक्युलंट लावावं. त्यामुळं वीज पडत नाही, अशी तिथली समजूत. तिथलं ऊन तसं सोसवणारं. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि सिमेंटची गच्ची खालूनही भाजते. इचेव्हेरियाची पानं करपतात, एका दिवसात. जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन शेडनेटखाली चालतं. त्या जाळीचा जुना तुकडा मिळवा आणि मार्च ते मे तो बांधा. कुंड्या विटांवर ठेवा.

दसऱ्याला पान, संक्रांतीला वाण

पुस्तकं सांगतात वसंतात लावा. ती पुस्तकं थंड देशातली. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत पानं कुजतात, उन्हाळ्यात झोपतात. आपला हंगाम दसरा ते महाशिवरात्र. पाऊस सरला, रात्री गार पडल्या, दिवसा ऊन कोवळं. पानं आणि कांड्या याच काळात लावा.

यात एक छान जुळणी आहे. दसऱ्याच्या सुमाराला जेड, घोस्ट प्लांट, सेडमच्या बोटभर कांड्या लावल्या तर संक्रांतीपर्यंत त्या मुळं धरून उभ्या असतात. हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा एकेक कुंडी वाण द्या. रथसप्तमीपर्यंत मुदत आहे, म्हणजे ज्या उशिरा रुजल्या त्यांनाही संधी. पानापासून केलेली रोपं एवढ्यात वाण द्यायजोगी होत नाहीत, ती पुढच्या वर्षासाठी ठेवा.

मोसंबीवाल्यांना जमेल ते कुणाला जमणार

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागवान मोसंबी बी लावून करत नाहीत. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. खाली मुळं एकाची, वर फळं दुसऱ्याची.

नर्सरीत हिरव्या दांड्यावर लालभडक, पिवळाधमक गोळा बसवलेला कॅक्टस दिसतो ना, तिथंही हीच कारागिरी. लाल गोळ्यात हरितद्रव्य जवळपास नसतं, त्यामुळं त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. एकटा वाढवला तर रोपटं असतानाच मरतो. जपानी बागवानांनी १९४०च्या दशकात त्याला हिरव्या खुंटावर बसवून जगवलं. तो हिरवा खुंट बहुधा ड्रॅगनफ्रूटचा असतो. मराठवाड्यात आता सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं ड्रॅगनफ्रूट दिसतं, म्हणजे खुंटांचाही तुटवडा नाही. कलम करायचं तर दोन्ही काप सपाट हवेत आणि मधल्या नळ्यांची वर्तुळं एकमेकांना कुठंतरी टेकली पाहिजेत. वर रबरबँड, आठ-दहा दिवस सावली. डोळा भरणाऱ्या हाताला हे पहिल्या फटक्यात जमावं.

रंगवलेली नवरी

खरेदीला गेलात तर दोन गोष्टी तपासा. निळं, सोनेरी, गुलाबी चमकणारं सक्युलंट दिसलं तर नखानं खरवडा. स्प्रेपेंट असतो, आणि रंगाखाली पानाला ऊन पोचत नाही. कॅक्टसच्या डोक्यावर कागदासारखं कोरडं, कायम उमललेलं फूल असेल तर ते डिंकानं चिकटवलेलं असण्याची शक्यता मोठी. खरं फूल दिवसा-दोन दिवसांत कोमेजतं. सक्युलंट गोळा करायचा नाद लागला की माणूस असल्या चकचकीत गोष्टींना भुलतोच. त्यापेक्षा हरियाणातल्या पंचकुल्याला कधी गेलात तर तिथली कॅक्टस बाग बघा. १९८७ साली सुरू झालेल्या त्या सात एकरांत अडीच हजारांवर प्रकार आहेत, आणि एकालाही रंग लावलेला नाही.

गडावरची शिंदळ माकुडी

शेवटचा मान महाराष्ट्राच्या स्वतःच्या सक्युलंटला. शिंदळ माकुडी जगात फक्त आपल्या सह्याद्रीत, कड्यांच्या कपारीत वाढते. १८६०च्या दशकात डॅल्झेल या वनाधिकाऱ्यानं जुन्नरजवळच्या डोंगरावर ती शोधली आणि तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव तिला दिलं. पावसाळ्यात पानं येतात, उन्हाळ्यात गळतात, मांसल खोड तेवढं कड्याला चिकटून राहतं. फुलं तांबूस किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीच्या आकाराची. शिवनेरी, पुरंदर आणि सज्जनगड ही तिची ठिकाणं. समर्थ रामदासांचा जन्म आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा आणि अखेरची वर्षं सज्जनगडावरची, हे जालनेकरांना सांगायला नको. गडावर दर्शनाला जाल तेव्हा कड्याकडेही एक नजर टाका.

नजरच टाका, हात लावू नका. रानात ही वनस्पती अत्यंत संकटात आहे. तिची फांदी बागेत सहज रुजते आणि संशोधकांनी तशी रोपं करून वाढवलीही आहेत, पण म्हणून कड्यावरची ओरबाडायचा परवाना कुणाला मिळत नाही. संग्राहकांच्या हावेचं टोक कॅलिफोर्नियानं पाहिलं आहे. तिथल्या समुद्रकड्यांवरची डडलेया नावाची सक्युलंट हजारोंनी उपटून आशियातल्या बाजारात पाठवणाऱ्या टोळ्या २०१८ साली पकडल्या गेल्या. कॅक्टसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक नियम आहेत, म्हणून परदेशातून येताना कुंडी बॅगेत दडपायचा बेत असेल तर सोडा.

मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो, असं आपल्याकडे म्हणतात. सक्युलंटला ती अट नाही, मागून आणलेलं उत्तम वाढतं. यंदा दसऱ्याला गल्लीतल्या चार घरांत विचारा, कुणाकडे जेड आहे, कुणाकडे हावर्थिया. एकेक कांडी बदलून घ्या. आणि तुमच्याकडे कोणी मागायला आलं तर हात आखडू नका, फक्त बजावून द्या: चार दिवस जखम सुकू दे, आणि लावल्यावर पहिला आठवडा पाण्याचा थेंबही घालायचा नाही.